उघड्या फायली आणि ठिपक्यांच्या ओळी

मुक्त विद्यापीठातून संगणकशास्त्र शिकणाऱ्यांच्या रविवारच्या संपर्कसत्रात मी सुरुवातीलाच एक कोडे घालतो. फळ्यावर चार ओळी लिहितो. प्रोग्रॅमिंगची भाषा कोणतीही असो, म्हणून साध्या मराठीतच लिहितो:

मोजणी(न):
– न शून्य असेल तर परत फिर
– न छाप
– मोजणी(न − १) कर

‘मोजणी(३) म्हटले तर काय छापले जाईल?’ सगळा वर्ग एका सुरात सांगतो, ३, २, १. बरोबर. मग मी फक्त शेवटच्या दोन ओळींची अदलाबदल करतो:

मोजणी(न):
– न शून्य असेल तर परत फिर
– मोजणी(न − १) कर
– न छाप

आता काय छापले जाईल? वर्ग शांत होतो. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणते, ‘काहीच नाही, सर. छापायच्या ओळीपर्यंत तो पोचतच नाही. दर वेळी आधीच वर जातो, आणि शून्य आला की संपले.’ बऱ्याच माना डोलतात. कोणी ‘फक्त १’ म्हणते. खरे उत्तर आहे १, २, ३.

समोर बसलेली ही मंडळी हुशार आहेत. सहकारी बँकेत, एसटीच्या आगारात, शाळेत दिवसभर काम करून रात्री जेवणे आटोपल्यावर पुस्तक उघडणारी माणसे आहेत ही. रिकर्शनचे, म्हणजे स्वतःच स्वतःला बोलावणाऱ्या फंक्शनचे प्रकरण त्यांनी दोन-दोनदा वाचलेले असते. वाचताना ते कळलेलेही असते. तरी दोन ओळींची जागा बदलली की पायाखालची जमीन सरकते. असे का होते हे समजून घ्यायचे तर आधी संगणकाच्या आत डोकावावे लागते, आणि मग दूरशिक्षणाच्या रचनेत.

तलाठ्याचे उत्तर आले, म्हणजे काम संपले का?

समजा, जिल्हाधिकारी कार्यालयाला एका गावातल्या पीक पाहणीची माहिती हवी आहे. तिथल्या कारकुनाने फाइल उघडली, तहसीलदाराला पत्र लिहिले आणि ते पाठवून दिले. फाइल बंद केली का? नाही. टेबलावर ती उघडीच राहिली, वर एक चिठ्ठी लावून: ‘उत्तर आल्यावर पुढचा परिच्छेद लिहायचा.’ तहसीलदाराने आपली वेगळी फाइल उघडली, मंडळ अधिकाऱ्याला विचारले आणि तोही थांबला. मंडळ अधिकाऱ्याने तलाठ्याला विचारले. तलाठ्याला पुढे कोणाला विचारायचे नाही. त्याने उत्तर देऊन टाकले.

आता काम संपले का? उलट, आता तर परतीचा प्रवास सुरू झाला. मंडळ अधिकाऱ्याने उत्तर घेऊन आपल्या फाइलीत राहिलेला भाग लिहिला आणि वर पाठवला. मग तहसीलदाराने. सगळ्यांत शेवटी ज्याने सर्वांत आधी फाइल उघडली होती त्या कारकुनाने.

मोजणी(३) मध्ये नेमके हेच घडते. ३ ची फाइल उघडते, ती २ ला विचारते आणि थांबते. २ ची फाइल १ ला विचारते आणि थांबते. १ ची फाइल शून्याला विचारते. शून्य हा आपला तलाठी. प्रोग्रॅमर त्याला ‘बेस केस’ म्हणतात. तो परत फिरतो, पण तो फिरतो म्हणजे १ च्या टेबलावर येतो. तिथे ‘छाप’ ही ओळ राहिलेली आहे, म्हणून १ छापले जाते. मग २ चे टेबल, मग ३ चे.

यातली कळीची गोष्ट अशी की ‘न’ हे नाव एकच असले तरी प्रत्येक फाइलीतला न वेगळा आहे. १ च्या फाइलीतल्या न ला ३ च्या फाइलीतल्या न शी देणेघेणे नाही. चार टेबले, चार कागद, एकच छापील नमुना.

संगणक या उघड्या फायली एकावर एक ठेवतो, पंगतीसाठी धुऊन ठेवलेल्या ताटांच्या चळतीसारख्या. शेवटी ठेवलेले ताट आधी उचलले जाते. या चळतीला ‘स्टॅक’ म्हणतात. प्रत्येक ताटात दोन गोष्टी असतातच: त्या फाइलीपुरती नावे आणि किमती, आणि उत्तर आल्यावर कोणत्या ओळीपासून पुढे जायचे त्याची खूण. बेस केस लिहायला विसरलात तर विचारणा कधी थांबतच नाही, ताटांवर ताटे चढत राहतात. पायथनमध्ये नेहमीची मर्यादा १,००० फायलींची आहे. त्यापुढे ती भाषा स्वतःहून प्रोग्रॅम थांबवते. सी भाषेत अशी राखण नसते. चळत राखीव जागेबाहेर गेली की प्रोग्रॅम कोसळतो.

चुकीची समजूत पकडली का जात नाही

वर्गात ‘काहीच छापणार नाही’ म्हणणाऱ्यांच्या डोक्यात एक यंत्र असते, आणि ते चालतेही. त्यांच्या लेखी रिकर्शन म्हणजे फेरी, म्हणजे लूप. शेवटच्या ओळीवरून पुन्हा पहिल्या ओळीवर उडी, न एकने कमी, शून्य आला की संपूर्ण काम बंद. एकच टेबल, एकच फाइल.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतल्या हँक काने यांनी १९८३ साली हीच गोष्ट मांडली. ते विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले आणि १९७१ पासून घरबसल्या शिकवू लागले. तिथल्या मानसशास्त्राच्या दूरस्थ विद्यार्थ्यांसाठी ‘सोलो’ नावाची छोटी प्रोग्रॅमिंग भाषा मुद्दाम तयार केलेली होती. काने यांना दिसले की जाणकारांच्या डोक्यात ‘प्रतींचे’ चित्र असते, म्हणजे प्रत्येक बोलावण्यागणिक नवी प्रत. तर बऱ्याच नवशिक्यांच्या डोक्यात फेरीचे.

आता आपले पहिले कोडे पुन्हा पाहा. त्यात स्वतःला बोलावणे सगळ्यांत शेवटी आहे. फाइल उघडी राहते, पण तिच्यात लिहायचे काहीच उरलेले नसते. त्यामुळे परतीचा प्रवास होतो, पण दिसत नाही. फेरीचे चित्र डोक्यात असलेला विद्यार्थीही ३, २, १ असेच उत्तर देतो आणि ते बरोबर येते. पुस्तकातली पहिली एक-दोन उदाहरणे अशी असली की विद्यार्थी चुकीचे यंत्र घेऊन पुढे जातो, आणि प्रत्येक बरोबर उत्तरागणिक त्याचा त्या यंत्रावरचा विश्वास वाढतो. मला रिकर्शन शिकवण्यातला सर्वांत मोठा धोका हाच वाटतो. चुकीचे उत्तर देणाऱ्याला निदान काहीतरी बिघडल्याचा सुगावा लागतो.

लघु, गुरू आणि सव्वीस लाख फायली

‘पण मग फेरीच लिहावी की, रिकर्शन हवेच कशाला?’ हा रास्त प्रश्न दर वर्षी येतो. त्यासाठी मी छंदशास्त्रात जातो.

वृत्तात लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारांनी भरता येईल? लललल, ललग, लगल, गलल, गग. पाच. पाच मात्रांची? आठ. हा हिशेब आपल्याकडच्या छंदशास्त्रज्ञांनी फार पूर्वी केला; आधी विरहांकाने, आणि बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने. युरोपात याच आकड्यांना ज्याचे नाव मिळाले त्या फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा.

विचार कसा केला पाहा. ओळीचे शेवटचे अक्षर एक तर लघु असणार किंवा गुरू. लघु असेल तर त्याआधी न − १ मात्रा भरायच्या राहिल्या, गुरू असेल तर न − २. म्हणजे प्रकार(न) = प्रकार(न − १) + प्रकार(न − २). शून्य मात्रा भरण्याचा एकच प्रकार, काहीही न ठेवणे. आणि एका मात्रेचाही एकच. मोठ्या प्रश्नाच्या पोटात तोच प्रश्न लहान होऊन बसलेला आहे. अशा ठिकाणी रिकर्शन लिहिणे म्हणजे विचार जसा झाला तसाच कागदावर उतरवणे. घराण्याची वंशावळ, संगणकातली फोल्डरांतली फोल्डरे, सगळी याच जातीची.

पण हे सूत्र जसेच्या तसे संगणकाला दिले तर गंमत होते. प्रकार(५) ने प्रकार(४) आणि प्रकार(३) ला विचारले. प्रकार(४) ने पुन्हा प्रकार(३) ला विचारले. तेच उत्तर दोनदा काढले गेले. प्रकार(२) तीनदा. पाच मात्रांसाठी एकूण १५ फायली उघडतात. तीस मात्रांसाठी २६,९२,५३७. चाळीस मात्रांसाठी ३३ कोटींहून अधिक. जिल्ह्याचे कार्यालय एकाच गावाची माहिती त्याच तलाठ्याला लाखो वेळा विचारत बसल्यासारखे.

उपाय कोणताही जुना कारकून सांगेल: नोंदवही ठेवा. उत्तर आले की नोंदवहीत चढवा. विचारण्याआधी नोंदवही बघा. एवढे केले की तीस मात्रांसाठी २६ लाखांऐवजी ५९ वेळाच विचारावे लागते. याला ‘मेमोआयझेशन’ म्हणतात. नोंदवही खालून वर, म्हणजे ०, १, २ अशी भरत गेलो तर विचारणाच उरत नाही. रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात नाव दिलेले ‘डायनॅमिक प्रोग्रॅमिंग’ याच कल्पनेवर उभे आहे. नाव ऐकून विद्यार्थी घाबरतात. नोंदवही म्हटले की भीती जाते.

सातबाऱ्याची झेरॉक्स

इथे एक चाणाक्ष विद्यार्थिनी मला अडवून म्हणाली, ‘सर, तुम्हीच म्हणालात की प्रत्येक फाइलीतला न वेगळा. मग नोंदवही सगळ्यांची एकच कशी?’ तिने विचारले नसते तर मी हा मुद्दा पुढच्या सत्रावर ढकलला असता, आणि ते चुकले असते.

जावामध्ये साधा आकडा एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे गेला की त्याची प्रत जाते. पण यादी किंवा नोंदवहीसारखी वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, पाठवली की वस्तू जात नाही. ती कुठे आहे याचा दाखला जातो. त्याला ‘रेफरन्स’ म्हणतात. सातबाऱ्याची झेरॉक्स काढली म्हणून जमीन दोन होत नाही. भावाकडे एक प्रत, तुमच्याकडे एक. भावाने शेतात विहीर खणली तर ती तुमच्याही सातबाऱ्यातल्या जमिनीत खणलेली असते. प्रत्येक फाइलीला जोडलेली असते ती नोंदवहीच्या पत्त्याची झेरॉक्स, म्हणून एकीने लिहिलेले दुसरीला दिसते. आपल्या मात्रांच्या हिशेबात आपल्याला हेच हवे होते. पण ‘मी प्रत घेतली आहे’ अशा समजुतीत एखाद्याने दुसऱ्याची यादी बदलली, तर ती चूक शोधण्यात रात्र जाते.

पुस्तकाला चेहरा दिसत नाही

वर्गात फळ्यापाशी उभा असलेला शिक्षक पन्नास चेहरे बघत असतो. दोन ओळींची अदलाबदल केल्यावर कोणाच्या कपाळावर आठी पडली हे त्याला क्षणात कळते. छापील पुस्तकाला ते कळत नाही. व्हिडिओला तर त्याहून नाही. तिथे शिकवणाऱ्याच्या बोलण्याचा ओघ इतका सुरेख असतो की त्याचे कळणे हेच आपले कळणे वाटू लागते.

दूरशिक्षणाचा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले आणि बाथ गावच्या आयझॅक पिटमनने टपालाने लघुलिपी शिकवायला सुरुवात केली. धडा पाठवणे हा त्यातला अर्धाच भाग. विद्यार्थी तो गिरवून परत पाठवत आणि दुरुस्त होऊन तो कागद पुन्हा त्यांच्याकडे येई. परतीच्या टपालाशिवाय ते नुसते पुस्तक विकणे झाले असते. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केले, १९८५ मध्ये इग्नू आले, १९८९ मध्ये नाशिकला ‘ज्ञानगंगा घरोघरी’ म्हणत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले, आणि २०२० मध्ये आयआयटी मद्रासने प्रोग्रॅमिंग व डेटा सायन्सचा पदवी अभ्यासक्रम ऑनलाइन नेला. गंगा घरापर्यंत आली. घरून परत काय जाते, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने सोडवावा लागतो.

इग्नूच्या पुस्तकांत त्याचे एक साधे उत्तर छापलेले असते. दर काही पानांनी ‘आपली प्रगती तपासा’ अशा अर्थाचा एक भाग येतो. दोन-चार प्रश्न, आणि त्यांच्याखाली ठिपक्यांच्या मोकळ्या ओळी. उत्तरे घटकाच्या शेवटी. मी विद्यार्थ्यांची वापरलेली पुस्तके चाळतो तेव्हा आधी त्या ओळी बघतो. बहुतेक पुस्तकांत मजकुराखाली पिवळ्या पेनाने रेघा असतात, ठिपक्यांच्या ओळी मात्र कोऱ्या. प्रश्न वाचला, ‘येतंय मला’ वाटले, पान उलटले.

‘येतंय’ हे वाटणे किती फसवे असते ते अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवले. त्यांनी विद्यार्थ्यांना सूर्याबद्दलचा आणि समुद्री ऑटर या प्राण्याबद्दलचा असे छोटे उतारे दिले. एका वेळी उतारा पुन्हा वाचायला दिला, दुसऱ्या वेळी न बघता आठवून लिहायला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचण्याची सरशी झाली, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर चित्र उलटे: लिहून काढलेले ५६ टक्के आठवले, पुन्हा वाचलेले ४२ टक्के. रात्री वाचून झोपताना जे पक्के वाटते ते त्या पाच मिनिटांचे असते.

प्रोग्रॅमिंगमध्ये आणखी एक पेच आहे. घरी संगणक असतोच, आणि तो लगेच उत्तर देतो. हेही परतीचे टपाल, पण अपुरे. उत्तर चुकले एवढे तो सांगतो. तुमच्या डोक्यातले यंत्र कुठे चुकले हे त्याला माहीत नसते. मग ‘न − १’ च्या जागी ‘न + १’ करून बघ, ‘<’ च्या जागी ‘<=’ करून बघ, असे चाचपडणे सुरू होते. कधीतरी प्रोग्रॅम चालतो. का चालला ते कळत नाही.

ड्राय रन

यावरच्या उपायाला आपल्या कॉलेजांत जुना शब्द आहे: ड्राय रन. संगणक न लावता, कागदावर आपणच संगणक व्हायचे. परीक्षेत गुण मिळतात म्हणून लोक तो करतात आणि नंतर सोडून देतात, याचे मला वाईट वाटते. २००४ साली रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी सात देशांतल्या नवशिक्यांना तयार प्रोग्रॅमचे छोटे तुकडे देऊन ‘याचे उत्तर काय येईल’ असे प्रश्न विचारले. स्वतः काही लिहायचे नव्हते. तेही बऱ्याच जणांना जमले नाही. ज्यांना ‘लॉजिक सुचत नाही’ असे आपण म्हणतो, त्यांच्यातल्या अनेकांची अडचण सुचण्याच्या आधीच्या पायरीवर असते.

> चौकट: रिकर्शनचा ड्राय रन
> जुन्या वहीचे पान फाडून आठ तुकडे करा. एक तुकडा म्हणजे एक फाइल. फंक्शन बोलावले की नवा तुकडा घ्या, त्यावर न ची किंमत लिहा, आणि खाली ‘परत आल्यावर ओळ क्रमांक अमुक’ ही खूण करा. तो आधीच्या तुकड्यावर ठेवा. खालचा तुकडा दिसता कामा नये. संगणकालाही त्या क्षणी वरचीच फाइल दिसते. काम संपले की वरचा तुकडा उचलून बाजूला टाका आणि खालच्यावरच्या खुणेपासून पुढे चला. छापलेले आकडे वेगळ्या कागदावर लिहा. यादी किंवा नोंदवही असेल तर ती टेबलाच्या कोपऱ्यात एकच ठेवा, आणि तुकड्यांवर फक्त तिच्याकडे जाणारा बाण काढा. हे सगळे झाल्यावरच संगणक लावा.

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. आधी उत्तर लिहायचे, पेनाने, खोडता येणार नाही असे. मग प्रोग्रॅम चालवायचा. दोन्ही जुळले नाहीत तर तो तुमचा खरा रविवारचा तास. चळतीतल्या कोणत्या तुकड्यावर वाट चुकली ते शोधा. फिलिप ग्वो यांचे ‘पायथन ट्यूटर’ हे मोफत साधन अशी चळत पडद्यावर ओळीगणिक काढून दाखवते. स्वतःचे तुकडे मांडून झाल्यावर ताडून बघायला ते फार चांगले. आधी बघितले तर तो पुन्हा व्हिडिओच झाला.

आणि संपर्कसत्राला येताना ‘रिकर्शन कळले नाही’ एवढेच घेऊन येऊ नका. त्यावर शिक्षक पुन्हा तेच प्रकरण सांगणार. चुकलेले तुकडे घेऊन या. दोन ओळींच्या अदलाबदलीवर ‘काहीच छापणार नाही’ म्हणणारा एसटीच्या आगारातला तो तरुण पुढच्या वेळी पाकिटात तिकिटाएवढे कागद घालून आला होता. तिसऱ्या कागदावर परतीची खूणच नव्हती. मला त्याला काही शिकवावे लागले नाही. मी त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवले, आणि तो ‘हां’ म्हणून खाली बसून लिहू लागला.

त्याला मी पुढे जे दिले ते तुम्हालाही देतो. या वेळी छापायची ओळ दोनदा आहे, बोलावण्याआधी आणि नंतरही:

मोजणी(न):
– न शून्य असेल तर परत फिर
– न छाप
– मोजणी(न − १) कर
– न छाप

मोजणी(३) केल्यास काय छापले जाईल? पेनाने लिहा.

उत्तर: ……………………………………………